पहिली गोळी कुठे जाते? थंड नळीच्या नोंदी

रायफल .308 विंचेस्टर, बोल्ट ॲक्शन, बारीक शिकारी नळी, लाकडी दस्ता. दुर्बीण 3-9×40, म्हणजे 3 ते 9 पट मोठं दाखवणारी, 40 मिलिमीटर भिंगाची. काडतुसं 150 ग्रेनची, म्हणजे 9.7 ग्रॅमची गोळी, सगळी एकाच लॉटची. अंतर सगळीकडे 100 मीटर, वेगळं लिहिलं नसेल तर.

तक्रार अशी की पहिली गोळी वर जाते आणि त्यानंतरच्या तीन एकमेकींच्या अंगाला लागून बसतात. रेंजवर लोक म्हणतात, 'पहिली सोड, नळी तापू दे.' शिकारीत नळी तापवून कुणी बसत नाही. तिथे जी काही आहे ती पहिलीच गोळी. दुसरी झाडायची वेळ आलीच तर ती पहिलीने केलेला घोळ निस्तरायला.

7 ऑगस्ट

सुरुवातीचं चित्र कागदावर घेतलं. रायफल कपाटातून काढली तशीच, आत साठवणीचं तेल. पहिली गोळी मध्यापासून साधारण 5 सेंटीमीटर वर, किंचित डावीकडे. मग तीन गोळ्यांचा ग्रुप, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 3 सेंटीमीटर. ग्रुपचा फोटो काढून दाखवायचा तर रायफल उत्तम. पण त्या फोटोत पहिलं भोक धरायचं की नाही, हाच प्रश्न आहे.

दुर्बिणीच्या रिंगांचे स्क्रू 2 न्यूटन मीटरवर तपासले, ठीक होते. माउंट हलत नाही. हे आधी बघून टाकावं, नाहीतर पुढचं सगळं पाण्यात.

8 ऑगस्ट

आज फक्त आकडेमोड, पण तिने पुढचा बराच दारूगोळा वाचवला.

तीन गोळ्यांचे ग्रुप सरासरी 3 सेंटीमीटरचे येत असतील, तर आडव्या किंवा उभ्या दिशेतलं प्रमाण विचलन होतं त्या आकड्याला 2.41 ने भागून, म्हणजे साधारण 1.25 सेंटीमीटर. अशा रायफलची कुठलीही एक गोळी, पहिली असो वा दहावी, खऱ्या मध्यापासून 3 सेंटीमीटर लांब जायची शक्यता वीसात एक. त्यात तीन गोळ्यांवरून काढलेला मध्यसुद्धा कच्चाच. तोच प्रत्येक दिशेत पाऊण सेंटीमीटरने चुकलेला असू शकतो. म्हणजे पहिली गोळी ग्रुपपासून 2 सेंटीमीटर सरकली म्हणून कुणी नळी बदलायला निघत असेल तर त्याला थांबवा. 5 सेंटीमीटर मात्र नशिबावर ढकलता येत नाही.

यावरून पद्धत ठरली. कागद क्रमांक एकवर फक्त पहिल्या गोळ्या. तोच कागद दर वेळी त्याच दोन खिळ्यांवर लावायचा, भोकाशेजारी तारीख लिहायची, काढून घरी न्यायचा. कागद क्रमांक दोनवर त्याच दिवशी नंतर तीन गोळ्या, मध्ये नळी निवू देऊन. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. खर्च काडतुसांचा नाही, दिवसांचा आहे: थंड नळीची पहिली गोळी एका फेरीत एकच मिळते.

15 ऑगस्ट

एका फेरीत दोन-तीन 'पहिल्या' गोळ्या उरकायचा बेत फसला. नळी हाताला गार लागली म्हणून दहा मिनिटांनी पुन्हा झाडली, तर ती गोळी सरळ ग्रुपमध्ये जाऊन बसली. नळीला चिकटवायची तापमानपट्टी लावून बघितलं: हाताला 'गार' वाटते तेव्हाही नळी हवेपेक्षा बरीच गरम असते, आणि चेंबरजवळचा, म्हणजे काडतूस बसतं तिथला, जाड भाग सगळ्यात शेवटी निवतो. अर्धा तास थांबूनही फरक पूर्ण जात नाही. शिवाय एकदा गोळी गेली की आतलं तेल उडालेलं असतं आणि ॲक्शन, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो धातूचा भाग, दस्त्यात बसलेली असते. म्हणजे नळी पूर्ण निवली तरी 'पहिली' ती राहिलेली नसतेच. आजची ती भोकं कागदावर खोडली.

22 ऑगस्ट

आज तेल. बोल्ट काढून मागच्या बाजूने, गाइड लावून, कोरडे पॅच, म्हणजे कापडाचे तुकडे, ओढले. पहिला पिवळट, ओला. दुसरा डागाळलेला. कोरडा बाहेर येईपर्यंत चालू ठेवलं, नंतर स्पिरिटचा एक पॅच आणि पुन्हा कोरडा. चेंबर वेगळ्या, जाड पॅचने पुसली. चेंबरकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात आणि ते नेमाच्याही पलीकडे महागात पडू शकतं: काडतुसाचं पितळी आवरण फुगून चेंबरच्या भिंतीला धरतं, म्हणून मागे बोल्टवर येणारा जोर काही प्रमाणात कमी होतो. भिंत तेलकट असली की ती पकड जाते आणि तो सगळा जोर बोल्टच्या खुंट्यांवर येतो.

पहिली गोळी: मध्यापासून 2 सेंटीमीटरच्या आसपास वर, डावीकडे तेवढीच. म्हणजे उभ्या दिशेतला मोठा भाग तेलाचा होता. खात्रीसाठी पुढच्या फेरीत मुद्दाम तेल लावून आणेन.

24 ऑगस्ट

तेल लावून आणली. गोळी परत वर, जवळपास 7 तारखेच्या भोकाला टेकून. वेगमापक लावला होता. तेलकट नळीतल्या गोळीचा वेगही नंतरच्या तिघींच्या ओळीत बसत नव्हता. गोळी तेलाचा थर पुढे ढकलत जाते, घर्षण बदलतं, दाब बदलतो, नळीची थरथर वेगळ्या क्षणी गोळीला सोडते. यातला कोणता भाग किती, हे मला मोजता येत नाही आणि मोजायची गरजही नाही. पुसून टाकायचं, संपलं.

30 ऑगस्ट

तेल नको तर मग नळी अगदी चकचकीत करून बघू, असा विचार केला. तांबं काढणारं अमोनियाचं द्रावण, ब्रश, पॅच. पॅच निळा आला की आत तांबं शिल्लक आहे असं समजायचं. तर पॅच निळाच, निळाच, निळाच. एक अख्खी संध्याकाळ गेली आणि निळा रंग काही हटेना. शेवटी लक्षात आलं की रॉडच्या टोकाचा, पॅच धरणारा जॅग पितळी आहे आणि द्रावण त्यालाच खातंय. पितळात तांबंच असतं. प्लॅस्टिकचा जॅग लावल्यावर पुढचा पॅच पांढरा.

आज त्या नळीतून झाडलं. पहिली उजवीकडे खाली, दुसरी वर, तिसरी आणखी कुठेतरी. मग हळूहळू जमायला लागल्या. पूर्ण नागवलेल्या नळीला पुन्हा तांब्याचा नि काजळीचा पातळ थर बसेपर्यंत तिचा भरवसा नाही. काही नळ्या एका गोळीत सावरतात, ही तशी नाही. या प्रयोगातून रायफलबद्दल काही नवं कळलं नाही, काडतुसं मात्र गेली. यापुढे: तांबं तेव्हाच काढायचं जेव्हा ग्रुप बिघडेल. शिकारीआधी तर नाहीच.

6 सप्टेंबर

काजळी धरलेली, आतून कोरडी नळी. पहिल्या गोळ्यांच्या कागदावर या अवस्थेतली भोकं आता एकत्र बघता येतात. ती विखुरलेली नाहीत! सगळी ग्रुपच्या मध्यापासून वर-डावीकडे, एकाच कोपऱ्यात. एकेकटं भोक घेतलं असतं तर 8 ऑगस्टच्या हिशोबाने मी ते सोडून दिलं असतं. पण नशीब असतं तर भोकं चारी दिशांना गेली असती. दर वेळी त्याच दिशेला जातात म्हणजे कुठेतरी काहीतरी ढकलतंय.

ॲक्शनचे स्क्रू तपासले. मागचा पाव फेरा सहज फिरला. घट्ट केल्याला महिनाही झाला नव्हता. लाकूड स्क्रूखाली दबत जातं, हे त्याचं उत्तर. दोन्ही स्क्रू परत घट्ट केले, पण हा इलाज टिकणारा नाही.

13 सप्टेंबर

कागदाची पट्टी नळी आणि दस्ता यांच्यामध्ये घालून ओढायची, ही जुनी तपासणी. टेबलावर आडवी ठेवलेल्या रायफलमध्ये पट्टी टोकापासून ॲक्शनपर्यंत निर्वेध गेली, म्हणून आजवर 'नळी मोकळी आहे' असं मी धरून चालले होते. आज रायफल पुढच्या टेकूवर ठेवली आणि झाडताना खांदा लावते तसा भार दिला. पट्टी दस्त्याच्या टोकाजवळ डावीकडे अडकली. पट्टा ताणून धरला तर आणखी अडकली.

म्हणजे रिकाम्या टेबलावर मोकळी असलेली नळी माझ्या हातात मोकळी नसते. त्यात गेला आठवडाभर पाऊस, लाकूड ओलावा ओढून फुगलेलं. लाकूड तंतूंच्या दिशेला लांबत नाही म्हटलं तरी चालेल, पण आडवं फुगतं, आणि नळीची खाच नेमकी आडवीच अरुंद होते. मग पहिल्याच गोळीवर फरक का? माझा अंदाज असा: वाहतुकीत नि कपाटात रायफल एका स्थितीत दबून राहते, पहिल्या धक्क्याने ॲक्शन सैल स्क्रूंवर किंचित सरकून नव्या जागी बसते, आणि पुढच्या गोळ्या त्या नव्या जागेवरून जातात. अंदाज खरा की खोटा ते काम केल्यावर कळेल.

20 आणि 21 सप्टेंबर

दस्त्याचं काम. पहिल्या दिवशी नळीची खाच घासली: गोल दांड्याला सँडपेपर गुंडाळून, डावीकडून जास्त. पट्टी दुमडून चौपदरी केली तरी भाराखाली निर्वेध जाईल इतकी जागा ठेवली. एक पदर पुरतो असं वाचून कुणी थांबणार असेल तर थांबू नका, ओला दस्ता तो पदर खाऊन टाकतो.

स्क्रूंच्या भोवती ॲल्युमिनियमच्या नळ्या बसवल्या, म्हणजे स्क्रूचा दाब लाकडावर न येता धातूवर येईल. मग ॲक्शनखाली तिच्या आकाराचा इपॉक्सीचा आधार, म्हणजे बेडिंग. रिकॉइल लगच्या, म्हणजे धक्का दस्त्याला देणाऱ्या ॲक्शनखालच्या ठोकळ्याच्या, पुढच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या पृष्ठावर चिकटपट्टी लावली, मागचं पृष्ठ तेवढं उघडं. धक्का मागच्या पृष्ठाने दस्त्याला द्यायचा असतो. बाकीची पृष्ठं घट्ट बसली तर ॲक्शन काढता-घालताना दर वेळी बेडिंग खरवडलं जातं. सगळ्या धातूला मेण दोनदा लावलं. स्क्रूंच्या भोकांतही.

दुसऱ्या दिवशी उघडलं. ॲक्शन सुटली, पण लगच्या मागे एक हवेचा फुगा राहिला होता, नेमका जिथे आधार हवा तिथेच. तेवढा भाग खरवडून पुन्हा भरला, पुन्हा रात्रभर वाट. इपॉक्सी दाटसर असेल तर ती कोपऱ्यात काडीने आधी दाबून भरावी, वरून ओतू नये.

शेवटी खाचेच्या आत, जिथे कारखान्याने लाकूड कोरंच सोडलं होतं, तिथे पॉलियुरेथेनचे पातळ हात. बाहेरून चकाकणारा दस्ता आतून उघडा असणं ही फारच सर्रास दिसणारी गोष्ट आहे.

स्क्रू 5 न्यूटन मीटर. हा आकडा माझ्या दस्त्याचा, धातूच्या नळ्यांसकट. नुसत्या लाकडावर इतकं आवळू नका, आणि उत्पादकाने आकडा दिला असेल तर तोच धरा.

4 ऑक्टोबर

कागद क्रमांक एक नवा लावला होता, जुना भिंतीवर आहे. बेडिंगनंतरच्या पहिल्या गोळ्या आता वर-डाव्या कोपऱ्यात जमत नाहीत. मध्य ग्रुपच्या मध्यापासून जेमतेम पाऊण सेंटीमीटर वर. दुर्बिणीचा एक क्लिक पाव एमओए (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक एमओए), म्हणजे 100 मीटरवर 7 मिलिमीटर. एका क्लिकचा फरक. तो तसाच सोडला, उगाच छेडायचा नाही.

स्क्रू तपासले, हलले नाहीत. तीन गोळ्यांचे ग्रुप लहान झाले का? नाही. आधी होते तेवढेच आहेत. ज्यांना बेडिंगने ग्रुप निम्मा व्हायची आशा आहे त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते.

5 ऑक्टोबर

पण मध्य जागेवर आला तरी पसारा मोठा आहे. पहिल्या गोळ्यांचा पसारा नंतरच्या गोळ्यांपेक्षा जास्त, आणि त्यातल्या काही सरळ खाली गेलेल्या. तेल नाही, दस्ता नाही, स्क्रू नाहीत. उरलं कोण, ते उघड आहे.

11 ऑक्टोबर

संशयित मी. तपासणी दोन प्रकारे केली.

पहिली: माझ्या थंड रायफलची पहिली गोळी दादाने झाडायची, पण त्याआधी त्याने स्वतःच्या रायफलवर हात बसवून घ्यायचा. म्हणजे नळी थंड, नेमबाज गरम. दुसरी उलट: मी आधी .22 च्या रायफलवर काही गोळ्या झाडायच्या, श्वास आणि बोट लयीत आणायचं, आणि मग माझ्या थंड .308 ची पहिली गोळी.

दोन्हींत पहिली गोळी ग्रुपच्या आत. खाली जाणारी एकही नाही. मग .22 शिवाय, गाडीतून उतरून सरळ बसले आणि झाडली. ती खाली.

नळीला 'थंड' म्हणून इतके आठवडे दोष देत होते, त्यातला हा हिस्सा थंड बोटाचा होता. धक्का अजून बसलेला नसतो, पण शरीर त्याची वाट बघत असतं आणि ट्रिगर तुटायच्या आधीच खांदा पुढे रेटतं. एक-दोन गोळ्यांनी धक्का ओळखीचा होतो आणि ते रेटणं कमी होतं. दादा म्हणाला, 'हे तुला मी ऑगस्टमध्येच सांगितलं होतं.' सांगितलं होतं, खरंय. पण तेव्हा तेलाचे 3 सेंटीमीटर मध्ये होते, त्यामुळे त्याचंही बरोबर आणि माझंही.

12 ते 24 ऑक्टोबर

रोज संध्याकाळी कोरडा सराव. चेंबर आणि मॅगझिन रिकामी, दोनदा बघून, काडतुसं दुसऱ्या खोलीत, नळी सुरक्षित दिशेला. महत्त्वाचं म्हणजे एका बैठकीत वीस वेळा ट्रिगर ओढायचा नाही. बसायचं, डोळे मिटायचे, श्वास सोडायचा, डोळे उघडून क्रॉसहेअर कुठे गेली ते बघायचं. सरकली असेल तर हाताने ओढून आणायची नाही, सगळं शरीर फिरवायचं. मग एकदाच ओढायचा आणि उठायचं. थोड्या वेळाने पुन्हा, पहिल्यापासून. सराव पहिल्या गोळीचा करायचा तर प्रत्येक गोळी पहिलीच असली पाहिजे.

25 ऑक्टोबर

गाडीतून उतरून सरळ पहिली गोळी: मध्यापासून दीड सेंटीमीटर. पुढच्या फेरीतही तेवढ्यातच. 8 ऑगस्टच्या हिशोबाने या रायफलची कुठलीही गोळी सरासरी तेवढीच लांब जाते, याहून चांगल्याची अपेक्षा करणं म्हणजे लॉटरी.

बाकावरून उठून आता काठ्यांच्या टेकूवर. इथे एक जुनी गोष्ट पुन्हा दिसली: दस्ता कडक वस्तूवर थेट टेकवला की गोळी वर उडते. काठी आणि दस्ता यांच्यामध्ये हात ठेवला की परत जागेवर. पहिल्या गोळ्यांचा पसारा काठ्यांवर बाकाच्या दुपटीहून जास्त. म्हणजे 3 सेंटीमीटरच्या रायफलवर दोन महिने घालवल्यावर खरी मर्यादा काठ्यांवरची मी आहे. 10 सेंटीमीटरची पत्र्याची चकती टांगली आहे. थंड नळीने, उभ्याने, पहिलीच गोळी तिच्यावर जिथपर्यंत हमखास लागते तिथपर्यंतच माझं शिकारीचं अंतर. काडतुसाच्या खोक्यावर छापलेल्या आकड्यांचा याच्याशी संबंध नाही.

2 नोव्हेंबर

साठवणीचा प्रश्न राहिला होता. काजळी धरलेली नळी नेमाला बरी, पण काजळी ओलावा धरते आणि दमट हवेत नळी तशीच ठेवणं म्हणजे गंजाला बोलावणं. तोडगा असा: हंगामाबाहेर तेल. निघायच्या आदल्या दिवशी कोरडे पॅच, चेंबर पुसायची, रेंजवर दोन गोळ्या, नळीने काजळी धरावी म्हणून. तिथून हंगामाच्या त्या फेरीपुरतं तेल नाही.

पावसासाठी नळीच्या तोंडावर साध्या चिकटपट्टीचा एक तुकडा. गोळी पोचायच्या आधी तिच्या पुढची दाबलेली हवाच तो फोडते. विश्वास नव्हता म्हणून पट्टी लावून पहिली गोळी झाडून बघितली, भोक बाकीच्यांमध्येच पडलं. पट्टी एकेरी आणि पातळच, नळीत कोंबलेलं काहीही नाही.

बोल्टच्या आतलं जाड ग्रीस धुऊन काढलं. कडाक्याच्या थंडीत ते घट्ट होतं आणि फायरिंग पिन आळसावते. आत आता कोरड्या वंगणाचा नुसता स्पर्श.

15 नोव्हेंबर

जुना लॉट संपला. त्याच कंपनीचं, त्याच वजनाचं खोकं आणलं, फक्त लॉट क्रमांक वेगळा. थंड नळीची पहिली गोळी दीड सेंटीमीटर खाली. पोटात गोळा आला, पण मग निवू देऊन तीन झाडल्या आणि त्याही तिथेच, त्याच भोकाभोवती. पहिली आणि नंतरच्या एकत्र सरकल्यात, म्हणजे हा दारूच्या लॉटचा फरक, रायफलचा नाही. दुसऱ्या फेरीतही तेच आल्यावर दोन क्लिक वर फिरवले, खोक्यावरचा लॉट क्रमांक वहीत लिहिला आणि उरलेली काडतुसं हंगामासाठी बाजूला काढून ठेवली.